गणपतीतली सांगू की आषाढातली?

गौरी-गणपती पोचवून झाल्यानंतरची दुपार होती. शेजारच्या काकींच्या ओटीवर आठ-दहा जण आडवेतिडवे पसरले होते, रात्रीच्या जागरणाने सगळ्यांचे डोळे जड. कुणाची बॅग भरून झाली होती, कुणाची व्हायची होती, आणि नारळ कुणी किती न्यायचे यावरून आत स्वयंपाकघरात वाटाघाटी चालल्या होत्या. डोंबिवलीहून आलेला काकींचा नातू मात्र वही मांडीवर घेऊन कामाला बसला होता. शाळेने सुट्टीत 'माझे गाव' म्हणून काहीतरी लिहून आणायला सांगितलं होतं. गावाचं नाव राजापूर, जिल्हा रत्नागिरी, नदी अर्जुना, पिकं भात-आंबा-काजू, प्रेक्षणीय स्थळं धूतपापेश्वर आणि गंगा, इथवर गाडी सुरळीत आली. मग त्याने विचारलं, "आजी, आपल्या गावची लोकसंख्या किती?" काकी पानाला चुना लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गणपतीतली सांगू की आषाढातली?"

सगळे हसले. पोराने मोबाईल काढला, कुठूनतरी आकडा शोधला, वहीत उतरवला आणि वही मिटून खेळायला गेला. मीही हसले होते. पण संध्याकाळी एकापाठोपाठ एक गाड्या घाटीच्या वळणाला लागायला लागल्या, तेव्हा ते वाक्य पुन्हा डोक्यात आलं, ते अजून गेलेलं नाही. एक तर मी प्राथमिक शिक्षिका होते, म्हणजे सरकार दर दहा वर्षांनी ज्यांच्या खांद्यावर पिशवी देऊन माणसं मोजायला पाठवतं त्यातली. राजापूरची लोकसंख्या म्हणून जे काही छापलं जातं, त्यातली काही माणसं माझ्या हातची आहेत.

बाहेरचा माणूस महामार्गावरून जाताना राजापूर बघतो ते वरून. आता नव्या उंच पुलावरून तर अर्जुना खाली कुठेतरी आहे इतकंच कळतं, आणि गाव दिसायच्या आत मागे पडतं. खरं गाव खाली खोलगटात आहे. कोदवली आणि अर्जुना इथे एकमेकींना भेटतात, त्यांच्या बेचक्यात पेठ, आणि पेठेतून निघालेल्या पाखाड्या तीन बाजूंनी वर चढत जातात. वर गेलं की एकदम सडा लागतो. सपाट, काळपट कातळ, मे महिन्यात अनवाणी पाय टेकवत नाही असा आणि श्रावणात पायाखाली फुलं येऊ नयेत म्हणून उड्या मारत चालावं लागेल असा. लग्न होऊन आले तेव्हा मला या गावाची दिशाच कळत नसे. माझं माहेर समुद्रकाठचं, तिथे पश्चिम म्हणजे पाणी, विषय संपला. इथे पाणी सगळीकडे आहे आणि समुद्र कुठेच दिसत नाही. तो वीसेक किलोमीटरवर, जैतापूरच्या खाडीच्या तोंडाशी. तरी भरती इथपर्यंत चढते. पेठेतले जुने दुकानदार पावसाचा जोर बघण्याआधी भरतीची वेळ बघतात, कारण डोंगरातून येणारं पाणी आणि खाडीतून चढणारं पाणी एकाच वेळी पोचलं की जवाहर चौक बुडालाच म्हणून समजायचं.

आमच्याकडे पूर ही बातमी नाही, तो हंगाम आहे. नगर परिषदेचा भोंगा वाजतो, आणि दहा मिनिटांत दुकानांतली खालची फळी रिकामी होते. साखरेची पोती, कापडाचे तागे, हार्डवेअरवाल्याचे खिळ्यांचे डबे, सगळं माळ्यावर. एका ओळखीच्या किराणा दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर रंगाच्या रेघा आहेत, वेगवेगळ्या वर्षांच्या पाण्याच्या, सर्वांत वरची माझ्या डोक्याच्याही वर. दुकान दुसरीकडे का हलवत नाही, असं एकदा विचारलं तर मालक म्हणाला, "बाई, गिऱ्हाईक इथे उतरतं ना." गिऱ्हाईक इथे उतरतं, ही या गावाच्या जागेची सगळी हकीकत आहे. गलबतं इथे यायची म्हणून गाव या खळग्यात बसलं. गलबतं थांबली, गाळ भरला, गाव बसून राहिलं.

इतिहास मी फार सांगत बसत नाही, तो चौथीच्या पुस्तकापासून सगळ्यांना माहीत आहे. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला दारूगोळा पुरवणारा हेन्री रेव्हिंग्टन इथल्या वखारीचा, आणि १६६१ मध्ये महाराजांनी वखार लुटून त्या साहेबांना कैदेत टाकलं. माझी मुलं वर्गात या जागी टाळ्या वाजवत. मला त्या गोष्टीत दुसरंच कुतूहल असे. ही वखार इथे होती, कारण विजापूरचा माल अणुस्कुऱ्याच्या घाटाने खाली उतरून इथे जहाजात चढायचा. मिरी, वेलची, कापड. आदिलशाही गेली, आंग्रे आले, १७५६ मध्ये पेशवे आले, १८१८ मध्ये इंग्रज परत आले, या खेपेला मालक म्हणून. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये राजापूरचं वर्णन कोकणातलं सगळ्यांत जुनं दिसणारं आणि चांगलं टिकलेलं गाव असं आहे. चढाचे अरुंद रस्ते, फरसबंद आणि वरून छप्पर घातलेला बाजार. आणि एक बारीकशी नोंद आहे, अरबांची गलबतं अजून थेट येतात असं रत्नागिरी जिल्ह्यातलं हे एकच बंदर, जरी मोठी जहाजं आता जुन्या धक्क्यापासून तीन मैलांच्या आत येऊ शकत नाहीत. १९०१ मध्ये या गावची वस्ती पाच हजारांच्या थोडी वर होती. त्यात धक्क्यावर उतरलेले अरब खलाशी कुणी मोजले असतील की नाही, कुणास ठाऊक.

आता अरब येत नाहीत, आम्ही तिकडे जातो. पेठेच्या मागच्या मोहल्ल्यात घरटी एक माणूस कुवेतला, दुबईला नाहीतर मस्कतला. आणि हिंदू वाड्यांतला घरटी एक मुंबईला. आधी बोटीने, जैतापूर नाहीतर मुसाकाजीला पडावातून बोटीवर चढून. मग लाल डब्याने. १९९८ नंतर रेल्वेने. रेल्वेबद्दल एक तक्रार नोंदवून ठेवते. स्टेशनचं नाव राजापूर रोड आहे आणि त्यातला रोड चांगला लांबलचक आहे. तुतारीतून उतरल्यावर गावात पोचेपर्यंत रिक्षावाल्याला जे मोजावे लागतात त्यात मुंबईहून येणं-जाणं झालं असतं, असं माझे दीर दर खेपेला म्हणतात आणि दर खेपेला रिक्षाच करतात.

माझी शाळा गावात नव्हती, वर सड्यावरच्या एका वाडीत होती. दोन खोल्या, एक व्हरांडा, समोर वडाचा पार. शाळेत एक कपाट होतं आणि त्यात जनरल रजिस्टर. वाडीची खरी लोकसंख्या मी त्या रजिस्टरात वाचायला शिकले. डाव्या बाजूला दाखल तारीख, उजव्या बाजूला शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. जुन्या पानांवर कारणं निरनिराळी आहेत: गुरांमागे जातो, आजारी, लग्न झाले, गैरहजर सबब नाव कमी. नंतरच्या पानांवर एकाच कारणाची ओळ खालपर्यंत उतरत जाते, 'पालकांसोबत मुंबईस'. त्यातली कितीतरी ओळी माझ्या अक्षरातल्या. जून उजाडला की बाप यायचा, चप्पल बाहेर काढून व्हरांड्यात उभा राहायचा, "बाई, दाखला द्या." मी विचारायचे, इथे काय कमी आहे? तो हसायचा. एकदा एकाने सरळ सांगितलं, "कमी काय नाय. पण त्याच्या वर्गात तो एकटाच आहे. धावायची शर्यत लावली तर पहिला पण तोच नि शेवटचा पण तोच." मी दाखला लिहून दिला. काय बोलणार? माझ्या स्वतःच्या मुलाला मी दहावीनंतर पुण्याला ठेवलंच होतं.

जनगणनेचं काम पहिल्यांदा अंगावर आलं ते २००१ ला. आधी उन्हाळ्यात घरयादी झालेली, घरांवर गेरूने नंबर टाकलेले, आणि मग फेब्रुवारीत प्रत्यक्ष माणसं. प्रशिक्षणात एक गोष्ट आमच्या डोक्यात घट्ट बसवलेली होती. माणूस जिथला आहे तिथला म्हणून त्याला लिहायचं नाही. मोजणीच्या या वीसेक दिवसांत तो जिथे राहतो आहे, तिथला म्हणून लिहायचं. ऐकायला अगदी सोपं. पहिल्याच वाडीत पहिल्याच घरात माझी दांडी उडाली.

त्या घरात एक म्हातारी एकटी राहायची. पडवीत सुपारी सोलत बसली होती, शेजारी मांजर. मी विचारलं, घरात माणसं किती? ती म्हणाली, "नऊ." मी अर्ज उलगडला. थोरला, त्याची बायको, त्यांची दोन; धाकटा, त्याची बायको, त्यांचा एक; एक न लग्न झालेला दीर; आणि ती. मी लिहायच्या आधी विचारलं, ही सगळी कुठे आहेत? "मुंबैक." मग मी नियम समजावला. तिने शांतपणे ऐकून घेतलं, उठली, आत जाऊन पत्र्याच्या पेटीतून रेशनकार्ड घेऊन आली. त्यावर नऊ नावं होती. मग तिने मतदारयादीचं सांगितलं, त्यातही सगळी मोठी माणसं होती आणि ती मतदानाला येतातच, उमेदवार गाडी करतो. मग गावकीचं सांगितलं: पालखीची वर्गणी या घराची पूर्ण भरली जाते, अर्धी नाही. तिच्याकडे सगळे पुरावे होते. माझ्याकडे एक सूचनापुस्तिका. मी रकान्यात एकच नाव लिहिलं, तिचं, आणि तिच्यासमोर अंगठ्यासाठी शाई धरली. तिने अंगठा दिला नाही. म्हणाली, मला सही येते. आणि सावकाश, पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत न थांबता सही केली. ती रागावलेली होती हे मला त्या सहीवरून कळलं.

असे दिवसभर. कुलूप, कुलूप, म्हातारी, म्हातारा-म्हातारी, कुलूप. किल्ली कुणाकडे आहे ते शेजाऱ्याला ठाऊक असतं, घरात कुणी आजारी पडलं तर कुणाला फोन करायचा तेही ठाऊक असतं, फक्त माणूस नसतो. पुढे आकडे जाहीर झाले. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. देशाची लोकसंख्या धावत सुटलेली असताना आमचा जिल्हा ऐंशी हजारांनी खाली उतरला. सिंधुदुर्गही उतरला. राजापूर गाव २००१ ला दहा हजारांच्या जरा वर होतं, २०११ ला दहा हजारांच्या आत आलं. गंमत अशी की महाराष्ट्रात याच दहा वर्षांत आणखी एक जिल्हा घटला, तो मुंबई शहर. म्हणजे आमची माणसं इथून गेली, लालबाग-परळच्या ज्या चाळीत गेली तिथूनही निघाली, आणि दिवा, विरार, नालासोपारा अशी कुठेतरी सांडली. ठाणे जिल्हा त्या वेळी एक कोटीच्या पुढे गेला, त्यात आमचे किती ते कुठल्या रकान्यात येत नाही.

फेब्रुवारीचाही एक हिशोब आहे. मोजणी फेब्रुवारीत होते, कारण देशभर हवा चांगली, शेतीची घाई नाही, माणसं घरी सापडतात. कोकणात फेब्रुवारीत कोण सापडणार? शिमगा मार्चात. २००१ ला आणि २०११ ला, दोन्ही वेळी आमची पिशवी जमा झाली आणि दोन-तीन आठवड्यांच्या आत पालख्या बाहेर पडल्या, वाड्या भरल्या, ती कुलपं निघाली, आणि मी ज्यांची नावं लिहू शकले नाही ती माणसं अंगणात नमन-खेळे बघत उभी. नियमाप्रमाणे त्यांना तेव्हाही लिहिता आलं नसतं, ती दोन-चार दिवसांची पाहुणी. हे मला कळतं. तरी त्या म्हातारीच्या घरापुढे पालखी आली तेव्हा तिने मला लांबून हाक मारली आणि बोटांनी दाखवलं, एकेक करून, नऊ.

आणखी एक रकाना होता, तो मला वेगळाच शहाणा करून गेला. 'स्थलांतराचे कारण'. काम, व्यवसाय, शिक्षण, विवाह वगैरे. सगळ्या वाडीत 'स्थलांतरित' म्हणून मी ज्यांना लिहीत होते त्या बहुतेक बायका होत्या. कोंढेतडहून वरच्या वाडीत दिलेली, नाट्याहून इकडे दिलेली, उभ्या आयुष्यात कणकवलीच्या पुढे न गेलेली बाई कागदावर स्थलांतरित, आणि तिचा नवरा, जो खरोखर घर सोडून चारशे किलोमीटर गेला, तो या कागदावर नाहीच. २०११ ला जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या. वर्तमानपत्रांनी त्याचं कौतुक छापलं, मुलींना जगवणारा जिल्हा म्हणून. असेलही. पण मी ज्या पडव्यांवर बसून आले होते तिथे मला त्या जास्तीच्या बायका माहीत होत्या. त्या जास्त नव्हत्या, पुरुष कमी होते.

इथपर्यंत सगळं रडगाणं आहे, आणि कोकणातलं हे रडगाणं आता इतकं पाठ झालं आहे की त्याला चाल लागली आहे. मलाही ते म्हणायला आवडतं. पण २०११ च्या त्याच मोजणीत मला एक माणूस भेटला आणि तेव्हापासून ते गाणं म्हणताना मी अडखळते.

सड्याच्या कडेला एक मोठी हापूसची बाग आहे. मालक मुंबईला. बागेत चिऱ्याची एक खोली, वर पत्रे, पुढे शेडनेट बांधून केलेला मांडव. फेब्रुवारी म्हणजे मोहोर सांभाळायचे दिवस, फवारणीच्या औषधाचा वास सगळ्या वाटेवर. तिथे एक नेपाळी कुटुंब होतं: नवरा, बायको, दोन पोरं, बायकोचा भाऊ. आमच्याकडे सगळ्यांना सरसकट गुरखे म्हणतात, नाव विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. आंब्याच्या आधी राखणीला येतात, आगोटीला, पावसाच्या तोंडावर जातात, काही वर्षभर राहतात. प्रशिक्षणाचा नियम इथे लख्ख लागू होत होता: जो इथे राहतो आहे तो इथला. मी मातृभाषेच्या रकान्यात नेपाळी लिहिलं, जन्मस्थान विचारलं. त्या बाईने मला चहा दिला, पितळीत. तेवढ्यात थोरला पोरगा वहीशिवाय, पाठीमागे हात बांधून माझ्यासमोर उभा राहिला आणि पाचाचा पाढा म्हणून दाखवला. मराठीत, आमच्या वाडीच्या हेलात. तो माझ्याच शाळेतला दुसरीचा होता. हजेरीपटावर मी रोज त्याचं नाव घेत होते. त्या वर्षी केंद्रप्रमुख पटसंख्येवरून कटकट करत होते, आणि माझी शाळा ज्या चार-दोन नावांवर तगली होती त्यातली दोन या खोलीतली.

त्याच दिवशी पुढे चिरेखाण. तिथली माणसं विजापूरकडची. लाल धूळ इतकी की पोरांच्या पापण्यासुद्धा लाल. खाणीच्या कडेला प्लॅस्टिक टाकून केलेल्या झोपड्या, एकीपुढे तुळशीचा डबा. मला तेव्हा सुचलं नाही, घरी येऊन पाय धुताना सुचलं: विजापूरचा माल याच वाटेने उतरायचा. म्हणजे ही पेठ जेव्हा ऐन भरात होती तेव्हा तिच्यात राजापूरकर असे कितीसे असतील? विजापूरचे व्यापारी, घाटावरचे बैलवाले, अरब खलाशी, गुजरातेतले सावकार, इंग्रज, फ्रेंच. गावचं जे वैभव म्हणून आपण सांगतो ते बहुतांशी इथे उतरलेल्या परक्या माणसांचं होतं. आज खालच्या बाजारात आठवड्याला जी गर्दी होते तिच्यातही ते आहेत, फक्त आपण गावची माणसं मोजताना त्यांना धरत नाही. मुंबईतल्या आठ जणांची नावं तोंडपाठ, आणि बागेत राहणारा वर्षानुवर्षं 'तो गुरखा'.

मी हे एकदा भिशीच्या बायकांत बोलले. चांगलीच तापली चर्चा. एक म्हणाली, "उद्या हेच लोक इथे घरं बांधतील, मग कळेल." ती जे म्हणाली त्यात भीती होती आणि ती सगळी खोटी नाही. सातबाऱ्यावर चाळीस-पन्नास नावं, त्यातली निम्मी वारलेली, वाटण्या नाहीत, आणि कुठल्या तरी एका सकाळी कळतं की आपल्या शेजारचा सडा कुणा अनोळख्या माणसाने घेतला. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वेळी हे झालं, बारसूच्या वेळी पुन्हा झालं. २०२३ च्या एप्रिलात बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाच्या विरोधात बायका भर उन्हात कातळावर आडव्या पडल्या होत्या. माझ्या ओळखीच्या त्यात होत्या. त्यांची मुलं मुंबईत नोकरी करतात. एकीचा मुलगा तिला फोनवर म्हणाला, आई, कारखाना आला तर मी परत येईन. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन आडवी पडली. मला तिचंही पटतं आणि मुलाचंही, आणि दोन्ही एकदम पटण्याचा त्रास होतो. त्या सड्यावर कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी कातळात एक माणूस खोदून ठेवला आहे, दोन्ही बाजूंना दोन वाघांसारखी जनावरं. २०२२ मध्ये कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीला तर भला थोरला हत्ती आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीक प्राणी. खोदणारे कोण होते, कुठून आले, कुठे गेले, सगळं अंधारात. वर्गाची सहल नेली तेव्हा माझ्या त्या पाढ्यावाल्या पोराने विचारलं होतं, "बाई, ते इथलेच होते?" मी म्हटलं, पुढे चल, ऊन लागतंय.

आपलं माणूस कोण, याचा निकाल एकदा २०२० मध्ये लागला, तो मात्र मला आठवायला नको वाटतो. त्या उन्हाळ्यात नव्या जनगणनेच्या घरयादीचं काम सुरू व्हायचं होतं, ते करोनाच्या टाळेबंदीमुळे राहिलं. आणि मे महिन्यात कोकण भरलं. ट्रकमधून, टेम्पोतून, कुणी मोटारसायकलवर, मुंबईकर आले. ज्यांच्यासाठी गणपतीत आरत्यांच्या वेळा पुढे-मागे करतात, त्यांच्यासाठी वाडीच्या तोंडावर बांबू आडवे पडले. माझ्या जुन्या शाळेत त्यांचं विलगीकरण झालं. वर्गात सतरंज्या, फळ्यावर कुणीतरी लिहिलेली जेवणाची पाळी. नऊ माणसांच्या घरातला थोरला त्या व्हरांड्यात बसलेला होता, आणि त्याचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. म्हातारी तेव्हा नव्हती, बरं झालं असं वाटलं. बागेतलं नेपाळी कुटुंब त्या काळात इथेच अडकलं होतं. पोरगा एव्हाना मोठा झालेला. शाळेत पाण्याचे हंडे पोचवायचं काम गावाने त्याच्यावर सोपवलं, तो धडधाकट होता आणि बाहेरून आलेला नव्हता म्हणून. ग्रामपंचायतीत हे वाक्य असंच बोललं गेलं. माझ्याशिवाय कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

गंगेचं लिहायचं टाळत होते, पण राजापूरवर लिहून गंगा टाळता येत नाही. उन्हाळ्यात, म्हणजे उन्हाळे गावात, वर्षानुवर्षं कोरडी पडलेली चौदा कुंडं अचानक भरतात. पूर्वी तीन वर्षांनी यायची, आता तिचं वेळापत्रक राहिलेलं नाही, कधी लवकर येते, कधी आली की जायचं नाव घेत नाही. बातमी फुटली की एसटीला गर्दी, हारवाले, चहाच्या टपऱ्या. भूगर्भवाले वक्रनलिकेचा, म्हणजे सायफनचा सिद्धांत सांगतात, काकी पाप-पुण्याचा सांगतात, मी दोन्ही ऐकते आणि काशीकुंडात पाय घालून बसते. गंगेची आणि चाकरमान्यांची तुलना आमच्याकडे भाषणात सगळेच करतात. मला ती पटत नाही. चाकरमानी परतीचं तिकीट काढून येतो, वेटिंग असलं तर निघायच्या दिवसापर्यंत त्याचं अर्धं लक्ष मोबाईलमध्ये असतं.

पुढची मोजणी आता २०२७ ला. मोबाईलवर होणार म्हणतात, जातही विचारणार म्हणतात. पुन्हा फेब्रुवारीतच, आणि त्या वर्षीचा शिमगाही मार्चातच आहे. माझ्या जुन्या केंद्रातली एक शिक्षिका परवा घरी येऊन गेली. नवीन आहे, लातूरकडची, खोली भाड्याने घेऊन एकटी राहते, भाकरी थापते ती इतकी मोठी की आमच्या तव्यावर मावणार नाही. वरच्या सड्याची वाडी तिच्याकडे येईल असं तिला वाटतंय. विचारत होती, सुरुवात कुठून करू? मी म्हटलं, चिरेखाणीपासून कर, आणि सकाळी सातच्या आत पोच. एकदा माणसं खाणीत उतरली की मशीनच्या आवाजात तुला काही ऐकू यायचं नाही, आणि जेवणाच्या सुट्टीत ती बोलायला कंटाळतात. मग बाग घे. तिथे कुत्रा आहे, बांधायला सांग. वाडी दुपारनंतर केलीस तरी चालेल, म्हाताऱ्या कुठे जात नाहीत, पण रेशनकार्ड काढून दाखवतील, तेवढा वेळ हाताशी ठेव. तिने सगळं वहीत लिहून घेतलं. निघताना विचारलं, "बाई, माझी नोंद कुठे होईल हो? इथे की लातूरला?"

"इथे," मी म्हटलं. "भाडेपावती असली तर जवळ ठेव."